लुकास गावची सिमेंटची बाग



या व्याख्यानमालेत मी याआधी दोनदा बोललो आहे. एकदा ग्रॅच्युइटीच्या कायद्यावर आणि एकदा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर. यंदा चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितले, ‘अमेरिकेतल्या एका खेडेगावातली सिमेंटची बाग आणि संडासाच्या आकाराची एक इमारत.’ क्षणभर त्यांना वाटले, युनियनवाल्यांची थट्टा चालली आहे. मग त्यांनी विचारले, ‘यात कामगारांचा काय संबंध?’ त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे भाषण असे समजावे.

प्रथम एक कबुली देतो. मी अमेरिकेला गेलेलो नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आणि पुढचे सगळे आपल्या नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा जे सांगणार आहे ते वाचलेले आणि छायाचित्रांत पाहिलेले आहे. कारखान्यात मी फिटर होतो, त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की ती कोणी केली, कशाने केली आणि केव्हा वेळ काढून केली, हे तीन प्रश्न मला आधी सुचतात. तेच तीन प्रश्न घेऊन आपण लुकासला जाऊ.

अमेरिकेच्या नकाशाच्या अगदी मधोमध कॅन्सस नावाचे राज्य आहे. सपाट माळरान, गव्हाची शेते, उंच आकाश आणि वारा. त्या राज्याच्या उत्तर-मध्य भागात रसेल परगण्यात लुकास हे गाव आहे. गाव म्हणजे किती, तर २०२०च्या शिरगणतीत साडेतीनशे माणसेही भरली नाहीत. आपल्याकडे एखाद्या वाड्यात लग्न निघाले तर याहून जास्त पान वाढावे लागते! मोठा हमरस्ता गावाला चुकवून काही मैल दक्षिणेकडून जातो. तरीही दर वर्षी हजारो माणसे मुद्दाम वाकडी वाट करून या गावी येतात, आणि याचे मूळ एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात आहे.

त्याचे नाव सॅम्युअल पेरी डिन्समूर. जन्म १८४३, ओहायो राज्यात. ऐन विशीत तो उत्तरेच्या सैन्यात भरती होऊन यादवी युद्धात लढला. गुलामांच्या मालकीचा प्रश्न ज्या युद्धाने निकालात काढला तेच हे १८६१ ते १८६५चे युद्ध. पुढे त्याने काही काळ शाळामास्तरकी केली, शेती केली, १८७० साली लग्न केले आणि १८८८ साली कुटुंबासह तो कॅन्ससमध्ये आला.

इथे क्षणभर थांबून आपल्याकडे पाहू, कारण हा धागा आपल्या दारापर्यंत येतो. त्या युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. आमच्या दख्खनच्या शेतकऱ्याला सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. त्याची परिणती १८७५ साली सुप्याच्या बाजारात झाली. शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे ओढून काढून जाळली. आणि याच दोन घटनांच्या दरम्यान, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले. ते त्यांनी अर्पण केले गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. डिन्समूर हा त्या लढाईतला एक साधा शिपाई. त्याला पुण्याचे नाव ठाऊक असण्याचा संभव नाही. पण जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेत त्याचाही वाटा होता, असे मी मानतो.

युद्धातून आलेल्या या शिपायाला शेतीत काय मिळाले? जे आमच्या कुणब्याला मिळाले तेच. धान्याचे भाव सतत उतरत होते. जमीन गहाण, कर्ज पूर्वेकडच्या पेढ्यांचे. माल बाजारात न्यायचा तर रेल्वे एकच, आणि भाडे ती म्हणेल ते. या जाचातून १८९०च्या सुमारास कॅन्ससच्या शेतकऱ्यांनी ‘पीपल्स पार्टी’, म्हणजे जनतेचा पक्ष उभा केला. १८९२ साली त्यांनी ओमाहा शहरात जाहीरनामा काढला. रेल्वे सरकारी मालकीची करा, उत्पन्नावर चढता कर बसवा, मतदान गुप्त ठेवा, सिनेटचे सभासद लोकांनी निवडावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पक्ष १८९६नंतर मोडला. परंतु उत्पन्नावरचा कर आणि सिनेटची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी १९१३ साली अमेरिकेच्या घटनेत आल्या. हरलेल्या संपानंतर तीन वर्षांनी मालक तीच सवलत आपण होऊन देतो, आणि श्रेय स्वतः घेतो, हा अनुभव आम्हा युनियनवाल्यांना नवा नाही.

डिन्समूर हा या पक्षाचा कट्टर माणूस. पक्ष गेला, पण त्याच्या डोक्यातले विचार गेले नाहीत. तो शेती सोडून लुकास गावात राहायला आला आणि १९०७ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्याने घर बांधायला घेतले. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनच्या खेपा घालीत असतो.

आता ‘कशाने केले’ हा दुसरा प्रश्न. त्या माळरानावर झाड नाही. कुंपणाला खांब हवा तर लाकूड आणायचे कोठून? पण जमिनीखाली थोड्याच खोलीवर चुनखडीच्या दगडाचा एक थर आहे, जेमतेम वीतभर जाडीचा आणि मैलोगणती पसरलेला. हा दगड नुकता उघडा केला की मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. वसाहतवाले एका ओळीत भोके पाडीत, प्रत्येक भोकात लोखंडी पट्ट्यांच्या मधे पाचर बसवीत आणि ओळीने एकेक घाव घालीत पुढे जात. दगड सरळ रेषेत चिरत जाई. आपल्याकडच्या वडार बांधवांना हे सांगायला नको. पाचरीने दगड फोडण्यात त्यांचा हात कोण धरणार? असे हजारो दगडी खांब आजही त्या प्रदेशात कुंपणाला उभे आहेत.

तर डिन्समूरने याच दगडाचे ओंडके काढले, काही वीस फुटांहून लांब, आणि लाकडी ओंडक्यांच्या झोपडीसारखे एकमेकांत अडकवून घर बांधले. लांबून पाहावे तो लाकडाचे, जवळ जावे तो दगडाचे. पूर्वजांच्या झोपडीची आठवण आणि गावच्या मातीचे साधन, दोन्ही एकत्र. घराभोवती त्याने मग सिमेंट, वाळू आणि लोखंडी तारेचे सांगाडे घेऊन झाडे उभारली. सिमेंटचीच झाडे, काही चाळीस फूट उंच. झाडांवर माणसे, देवदूत, पशुपक्षी. १९२७ सालापर्यंत त्याने ११३ टनांहून अधिक सिमेंट वापरले. मूर्तींची संख्या दीडशेच्या घरात आहे. एक सिमेंटचा राष्ट्रध्वज तर त्याने छऱ्यांच्या बेअरिंगवर बसविला. वारा आला की तो फिरतो! फिटर म्हणून मला या माणसाच्या पाया पडावेसे वाटते ते या ध्वजासाठी.

या जागेला त्याने नाव दिले ‘ईडनची बाग’. ख्रिस्ती पुराणातले पहिले जोडपे, आदम आणि ईव्ह, ज्या नंदनवनात राहत होते ते हे. एका बाजूने आपण येतो तो आदम, ईव्ह, सर्प, सैतान, भावाचा खून करणारा केन, आणि वरून सर्व पाहणारा देवाचा डोळा. रात्री हे सारे दिसावे म्हणून त्याने विजेचे दिवे बसविले. येथवर सर्व धार्मिक वाटते. गावातला पाद्रीही खूश झाला असेल. पण दुसऱ्या बाजूला वळलो की म्हातारा आपले पोट उघडे करतो.

एका झाडावर एक साखळी आहे. पानावर कीड, किडीच्या मागे पक्षी, पक्ष्याच्या मागे कोल्हा, कोल्ह्याच्या मागे कुत्रा, कुत्र्यावर बाण रोखलेला तांबडा इंडियन, आणि त्या इंडियनावर बंदूक रोखलेला गोरा शिपाई. याला त्याने नाव दिले आधुनिक सुधारणेचे. लक्षात घ्या, हा स्वतः शिपाई होता. ज्या माळावर तो राहत होता तो माळ इंडियनांकडून हिसकावलेला होता, आणि हे त्याने आपल्याच अंगणात लिहून ठेवले.

पुढच्या झाडावर ऑक्टोपस आहे. हे ‘ट्रस्ट’, म्हणजे मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी. त्याची एक भुजा पृथ्वीच्या गोलावर, एक शिपायाच्या पडशीवर, एक व्याजाच्या थैलीवर. त्यापुढच्या झाडावर स्वातंत्र्यदेवता त्या मक्तेदारीच्या डोक्यात भाला खुपसते आहे, आणि एक पुरुष व एक स्त्री मिळून, मक्तेदारी ज्या फांदीवर उभी आहे ती फांदी करवतीने कापीत आहेत. ती करवत मताधिकाराची. स्त्री का? कारण कॅन्ससमध्ये १९१२ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला होता, साऱ्या देशात मिळण्याच्या आधी आठ वर्षे.

आणि शेवटी येतो ‘श्रमाचा क्रूसवध’. क्रूसावर येशू नाही, मजूर आहे. त्याला खिळे ठोकणारे चौघे शेजारी आहेत, वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक आणि बँकवाला. पाहणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येकाचा धंदा लिहिलेला आहे. आता समोर बसलेल्या वकीलसाहेबांनी रागावू नये. वकिलावाचून आमच्या युनियनचे एक दिवस चालत नाही, आणि कामगाराच्या कापलेल्या बोटाला टाका घालणारा डॉक्टरच असतो. डिन्समूरचा हिशेब मला पुरता मान्य नाही. सावकाराच्या रांगेत डॉक्टरला उभे करणे हे रागाचे काम आहे, विचाराचे नव्हे. पण राग खरा होता. फी भरता भरता ज्याची जमीन गेली, त्याला या चौघांत फरक दिसत नाही, हे मी कामगारवस्तीत डोळ्यांनी पाहिलेले आहे.

या माणसाला आपण संत करू नये. तो पक्का व्यवहारी आणि हौशी होता. आगगाडीने येणाऱ्या पाहुण्यांना तो स्वतः बाग दाखवी, पैसे घेई, आपल्या बागेची सचित्र पुस्तिका विकी. पहिली बायको १९१७ साली वारली. त्यानंतर १९२४ साली, एक्याऐंशीव्या वर्षी, त्याने वीस वर्षांच्या मुलीशी लग्न केले आणि त्यांना दोन मुले झाली. यात त्या मुलीच्या मनाचा विचार किती होता, असा प्रश्न आपल्या भगिनींच्या मनात आला असेल, माझ्याही आला. स्वतःसाठी त्याने अंगणातच चुनखडीची समाधी बांधली आणि काचेचे झाकण असलेली सिमेंटची शवपेटी करून ठेवली. १९३२ साली तो वारला आणि तीत ठेवला गेला. मृत्युपत्रात लिहिले की, घरचे सोडून कोणालाही आपले दर्शन एक डॉलरपेक्षा कमी पैशांत मिळू नये, म्हणजे जागेची देखभाल करणाऱ्याला पगार मिळेल. मेल्यावरही स्वतःच्या देहाचे तिकीट लावून देखभालीच्या पगाराची तरतूद करणारा हा एकच मालक माझ्या वाचनात आला!

आता कोणी म्हणेल, असल्या चमत्कारिक वस्तू अमेरिकेत रस्तोरस्ती आहेत, त्यांत विशेष काय? खरे आहे, आणि त्यांची जातकुळी समजून घेतली पाहिजे. न्यू जर्सीच्या समुद्रकाठी १८८१ साली एका जमीनविक्याने पासष्ट फूट उंचीचा लाकूड-पत्र्याचा हत्ती उभारला. हत्तीत चढून गिऱ्हाइकाने आजूबाजूचे प्लॉट पाहावेत हा हेतू. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९३१ साली बदके पाळणाऱ्या मार्टिन मॉरर याने आपले दुकानच बदकाच्या आकाराचे सिमेंटमध्ये बांधले, डोळ्यांना फोर्ड मोटारीचे मागचे दिवे लावले. मोटार वेगाने जाते, पाटी वाचायला सवड नसते. म्हणून इमारत हीच पाटी. पुढे १९७२ साली रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर या वास्तुशास्त्रज्ञांनी लास व्हेगासवरच्या आपल्या ग्रंथात अशा इमारतींना ‘बदक’ हेच नाव देऊन टाकले. कॅन्ससमध्येच कॉकर सिटी गावी एका शेतकऱ्याने १९५३ साली उरलीसुरली सुतळी गुंडाळायला घेतली, तिचा आज प्रचंड गोळा झाला आहे आणि गावकरी दर वर्षी त्यात भर घालतात.

म्हणजे या वस्तूंच्या दोन जाती झाल्या. एक, माल खपविण्यासाठी केलेली. दुसरी, मनातले सांगण्यासाठी केलेली. पहिली गिऱ्हाइकाला थांबविते, दुसरी माणसाला. लुकासचे भाग्य असे की तेथे दुसरी जात रुजली.

रुजली ती कशी, हे पाहण्यासारखे आहे. डिन्समूर सिमेंट कालवीत असताना गावातली एक लहान मुलगी, फ्लॉरेन्स डीबल, ते पाहत असे. ती पुढे शिक्षिका झाली. तिने आपल्या घरामागे दगड आणि सिमेंटची बाग केली. प्रवासात पाहिलेली ठिकाणे, राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला रशमोर पर्वत वगैरे, तिने छोट्या आकारात मांडली. दरम्यान यंत्रे आली, चार जणांची शेती एक जण करू लागला, तरुण शहरांत गेले आणि आसपासची गावे ओस पडू लागली. लुकासपुढेही तोच प्रश्न होता. डिन्समूरची बाग १९७७ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेली. १९९५ साली गावकऱ्यांनी बाजारपेठेतल्या जुन्या दगडी इमारतींत ‘ग्रासरूट्स आर्ट सेंटर’ उघडले. कलाशाळेत न गेलेल्या माणसांच्या कामाचे हे संग्रहालय. तेथे इनेझ मार्शल या बाईंनी चुनखडीत कोरलेल्या वस्तू आहेत. त्या मोटारदुरुस्ती करीत आणि ट्रक चालवीत. हर्मन डायव्हर्स या गृहस्थाने थंड पेयांच्या डब्यांची कडी-झाकणे एकमेकांत ओवून केलेली खऱ्या मापाची मोटारही आहे. २०१२ साली कोहलर फाउंडेशनने डिन्समूरच्या काळवंडलेल्या मूर्ती साफ करून दुरुस्त करविल्या.

आणि त्याच २०१२ साली गावाने ती संडासाची इमारत पुरी केली. पाहुणे येतात, त्यांना सार्वजनिक शौचालय हवे. निविदा काढून चार भिंती उभ्या करता आल्या असत्या. गाव म्हणाले, आपण कलेचे गाव; शौचालयही तसेच हवे. इमारत झाली शौचकूपाच्या टाकीच्या आकाराची आणि पुढचे गोल अंगण झाले भांड्याच्या आकाराचे. आतबाहेर भिंतींवर लोकांनी दिलेल्या फुटक्या बशा, बाटल्यांच्या काचा, आरसे, मुलांची खेळणी यांचे जडावकाम. त्यासाठी गावकरी कित्येक महिने खपले. हसू नका. ज्या कारखान्यात मी उमेदवारी केली तेथे बायकांसाठी दाराला कडी असलेला एक संडास मिळावा म्हणून आम्हाला दोन वर्षे अर्ज करावे लागले. शौचालय ही हसण्याची गोष्ट नसून माणसाच्या मानाची गोष्ट आहे, हे त्या साडेतीनशे जणांनी हसतहसत दाखविले.

असो. आता चिटणिसांच्या प्रश्नाकडे येतो. याचा कामगारांशी काय संबंध?

आमच्या खात्यात एक वयस्क फिटर होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. जेवणाच्या सुट्टीत अर्धी भाकर खाऊन ते भंगारातले वॉशर, तुटके स्प्रिंग, लेथवरचा कीस गोळा करीत आणि त्यांतून मोर, बैल, नांगरधारी शेतकरी, पाटा-वरवंटा घेऊन बसलेली बाई अशा वस्तू करीत. खात्यामागच्या भिंतीला लागून त्यांनी सगळे गावच मांडले होते. ती भिंत पाडून नवी शेड घालायची ठरली. मामा माझ्याकडे आले. मी तेव्हा युनियनचा सरचिटणीस. बोनसची बोलणी चालू होती. ते म्हणाले, ‘साहेबांना सांगून आठ दिवस मागा. मी सायकलवरून थोडे थोडे घरी नेईन.’ मी म्हणालो, ‘मामा, भंगारासाठी मी मॅनेजरपुढे तोंड उघडू? बोनसचे पाहू द्या.’ दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला आणि गाव भंगारात गेले. बोनस आम्हाला साडेआठ टक्के मिळाला. मामांनी पेढा घेतला, माझे अभिनंदन केले आणि पुन्हा कधी सुट्टीत काही केले नाही. निवृत्तीपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून भाकर खात.

तेव्हा मी माझ्या परीने बरोबर होतो, असे मला बरीच वर्षे वाटत होते. पगार, पाळी, सुट्टी, संरक्षण, एवढेच कामगाराचे मागणे, बाकीची चैन. पण आठ तासांची मागणी आमच्या पूर्वजांनी कशासाठी केली? नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली आणि १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळविली. ती नुसती झोपण्यासाठी नव्हती. माणसाला स्वतःच्या मनाचे काही करता यावे म्हणून होती. मामांनी अर्ध्या तासाच्या सुट्टीत तेच केले होते, आणि त्यांच्याच युनियनने त्याला भंगार म्हटले.

आपल्याच देशात चंदीगडला नेकचंद या रस्ते-खात्यातल्या निरीक्षकाने सुमारे अठरा वर्षे सरकारी जंगलात गुपचूप, फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि दगडांची बाग केली. १९७६च्या सुमारास ती उघडकीला आली. कायद्याने ती पाडायला हवी होती. पण लोक बाजूला उभे राहिले, अधिकाऱ्यांनी शहाणपण दाखविले, आणि ती बाग सर्वांना खुली झाली. पुढेही तिच्यावर संकट आले तेव्हा लोकच आडवे आले. लुकास काय किंवा चंदीगड काय, करणारा एकटा असतो. ते टिकते की ट्रॅक्टरमध्ये जाते हे शेजारी ठरवितात.

म्हणून माझी एक साधी विनंती आहे. आपल्या गावात स्टँडच्या मागे सायकलच्या चाकांचे तोरण लावलेले पंक्चरचे दुकान आहे. नदीकडच्या आळीत विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी आहे. गणपतीच्या दिवसांत कामगार मंडळी रात्र रात्र जागून देखावे करतात आणि अकराव्या दिवशी त्यांचे पुठ्ठे उकिरड्यावर जातात. यांतले सगळेच जपण्यासारखे असेल असे नाही. पण नगरपालिकेने रस्तारुंदीच्या खुणा केल्या की कोणी तरी एकाने जाऊन करणाऱ्याला विचारावे, ‘हे तुम्ही का केले?’ आणि तो म्हणाला की आठ दिवस हवेत, तर आठ दिवस मागून द्यावेत. आमच्या युनियनने या वर्षीच्या मागणीपत्रकात कॅन्टीनच्या बाजूला एक भिंत आणि एक कपाट मागितले आहे, सुट्टीत कोणाला काही करावेसे वाटले तर ठेवण्यासाठी. मॅनेजरसाहेब हसले. पण मागणी क्रमांक चौदा म्हणून ती नोंदली गेली आहे.

ट्रॅक्टर गेल्यावर गटाराच्या कडेला मला एक मोर सापडला होता, वॉशरच्या पिसाऱ्याचा. त्याचा एक पाय मोडला आहे. युनियनच्या कचेरीत तो माझ्या टेबलावर अर्जांवर ठेवलेला असतो. आपण कधी आलात तर अवश्य पाहावा.